हात लावायचा नाही

३ मार्च, सोमवार

आलो एकदाचे! कपाट वर चढवताना त्याचा एक पाय मोडला, तेवढं सोडलं तर सगळं सुरळीत पार पडलं. खाली दुकान, वर आमच्या दोन खोल्या. स्वयंपाकघराला पूर्वेची मोठी खिडकी आहे. हिने आधी खिडकी उघडून पाहिली, मग नळ, आणि दोन्ही धड आहेत म्हटल्यावर गुणगुणत डबे लावायला घेतले. हिचं गुणगुणणं याआधी कधी ऐकलं होतं, ते आठवेना.

कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत माझी उमेदीची वर्षं बाटलीतले प्राणी दाखवण्यात गेली. विभागच बंद झाला तेव्हा वाटलं, पंचेचाळिशीत आता आपल्याला कोण पुसतंय? पुसलं ते टॅरंटुला विकणाऱ्या माणसाने. तळहाताएवढे केसाळ कोळी, काचेच्या पेट्यांत, भिंतभर. ही म्हणाली, की जन्मभर मी जळमट दिसलं की झाडू उगारला आणि आता नवराच कोळ्यांच्या दारी चाकरीला लागला. जळमटांनी चांगला सूड उगवला म्हणायचा.

मालक साठीचे, गोलमटोल, सावकाश बोलणारे. आल्या आल्या त्यांनी मला ‘प्रोफेसर’ करून टाकलं. मी साधा प्रयोगशाळेतला मदतनीस होतो, हे मी त्यांना लगेच सांगितलं. ते म्हणाले, असू द्या हो, इथे पदवीचा कागद बघणाऱ्यांना आठ डोळे असले तरी वाचता येत नाही.

५ मार्च, बुधवार

कामाचं स्वरूप आता नीट कळलं. लोक हौसेने टॅरंटुला नेतात आणि मग तो जरा वेगळा बसला की घाबरून पेटी घेऊन येतात, नाहीतर फोटो. अमुक असं का बसलंय, मरतंय का, रागावलंय का? मालकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, त्यांना आता बारीक दिसत नाही. म्हणून मी पेटीत पाहायचं आणि बसण्याची ढब मोठ्याने सांगायची. कुठला पाय कुठे, पोट वर की खाली, तोंड कुणीकडे. अर्थ ते सांगतात. माझी ढब आधी आणि त्यांचा अर्थ मागून, हा त्यांचा एकमेव नियम. मी आज एकदा ‘घाबरलेली दिसते’ म्हणालो, तर त्यांनी मला थांबवलं. भीती दिसत नसते प्रोफेसर, म्हणाले, पाय दिसतात. पाय सांगा.

मला हे फार आवडलं. विज्ञानात आम्ही हेच शिकवायचो आणि कधी पाळायचो नाही.

दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्यांची टॅरंटुला कालपासून चवड्यांवर उभी होती, पोट मातीला टेकवायलाच तयार नव्हती. मालक म्हणाले, माती फार ओली केलीत, चिखलातून नवी चप्पल घालून चालावं तशी चाललीय बिचारी. बाई म्हणाल्या, की माझे पेशंटही खुर्चीत असेच अधांतरी बसतात, त्यांना कुणाची माती लागते कोण जाणे!

सर्वांत खालच्या फळीवर एक मोठी जुनी मादी आहे. विकायची नाही. तिला सगळे ‘थोरली’ म्हणतात. हे वर येऊन हिला सांगितलं तर ही म्हणाली, वा, म्हणजे थोरली खाली नांदतेय आणि मी धाकटी वर! सवतीला माझा नमस्कार सांगा.

८ मार्च, शनिवार

आज वाईट झालं. शेजारच्या गल्लीतले निवृत्त मास्तर चपलेच्या खोक्यात आपली टॅरंटुला घेऊन आले. सकाळी ती पाठीवर उताणी पडलेली दिसली, पाय आकाशाकडे. गेली असं समजून त्यांनी तिला उचललं, नीट पालथी केली, खाली मऊ रुमाल घातला. मी खोक्यात पाहून ढब सांगितली. पाय अर्धवट बाहेर, जुनी कातडी मधोमध चिरलेली, तिथून पाणी झिरपतंय. मालकांनी खोक्याचं झाकण हलकेच टेकवलं. मग सांगितलं, की ती मेली नव्हती. कात टाकत होती. टॅरंटुला उताणी होऊनच कात टाकते आणि त्या वेळी ती सायीसारखी मऊ असते. उताणी दिसली की हात लावायचा नाही, पेटी हलवायची नाही, जवळ जाऊन उसासाही टाकायचा नाही. मरते ती पालथीच मरते, पाय पोटाखाली गोळा करून.

मास्तर रडले. पण माणूस उताणं पडलेलं दिसलं तर आपण धावतोच की हो, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. धावायचं नाही तर मग काय करायचं?

खोक्याला दोरी बांधून मी ते त्यांच्या हातात परत दिलं.

१४ मार्च, शुक्रवार

थोरलीने आज डावीकडचा दुसरा पाय हवेत उचलून धरला होता. कोपरात मोडल्यासारखा, टोक खाली लोंबतं. सकाळभर तसाच. मी ढब सांगितली तेव्हा मालक हसून म्हणाले, की ती घरातली वडीलधारी, तिने वाटेल तसं बसावं, आपण कोण विचारणार.

जेवायला वर गेलो. ही खिडकीपाशी उभी होती. डावा हात खांद्याच्या वर उचललेला, कोपरात दुमडलेला, पंजा लोंबता. मला वाटलं, काही वाळत घालतेय. दोरी नव्हती. काय चाललंय असं विचारलं, तर म्हणाली, कुठे काय? आणि पोळी वाढायला लागली. वाढताना हात सावकाश खाली आला, जणू तो हिच्या लक्षातच नव्हता.

योगायोग. असं लिहून ठेवतो आणि इथेच सोडतो.

१९ मार्च, बुधवार

सोडता येत नाही.

आज थोरली काचेवर चढली होती. पोट काचेला चिकटलेलं, आठही पाय पसरलेले. मी मुद्दाम लगेच वर गेलो नाही. गिऱ्हाइकं झाली, दुपार झाली, मग गेलो. दूध उतू जाऊन शेगडीभर पसरलं होतं आणि ही खिडकीच्या काचेला गाल, छाती, दोन्ही तळवे लावून उभी होती. हाक मारली तेव्हा दचकून हसली. काच गार लागते म्हणून, म्हणाली. मग माझ्यावरच उलटली, की तुम्ही असे भूत बघितल्यासारखे काय बघता, दूध पुसा आधी.

मी स्वतःला विचारतो आहे, की जे शोधतोय तेच तर मला दिसत नाही ना? खाली जे पाहिलं ते वर सापडेपर्यंत मी पाहत राहतो का? असेल. पण दूध खरंच उतू गेलं होतं. शेगडी मी पुसली.

२४ मार्च, सोमवार

मी एक गोष्ट केली. ती जशी झाली तशीच लिहितो.

थोरली कोपऱ्याकडे तोंड करून, एक पाय वर धरून बसली होती. मालक बँकेत गेले होते. मी पेट्या साफ करायचा मऊ कुंचला घेतला आणि तो वर धरलेला पाय खाली करावा म्हणून हलकेच टेकवला. खात्री करून घ्यायची होती. माझ्या मते काहीच होणार नव्हतं आणि मी मोकळा होणार होतो. तिने क्षणात सगळे पाय अंगाशी ओढून घेतले, गुडघे डोक्यावर, गच्च गाठोडं.

वर भांडी पडल्याचा आवाज झाला.

जिना कसा चढलो कळलं नाही. ही ओट्याखाली होती. गुडघे हनुवटीला, दोन्ही कोपरं डोक्यावर. हिला बाहेर काढायला फार वेळ गेला. कुणीतरी माझ्या दंडाला हात लावला, म्हणाली. मऊ होता, तेच वाईट होतं. मग माझ्याकडे बघून विचारलं, तुम्ही होतात का हो?

मी ‘नाही’ म्हणालो. मी खालीच होतो. हे खोटं नाही आणि खरंही नाही.

आता निदान एवढं कळलं, की माझी शंका वेडी नाही. हे कळून काही उपयोग नाही, हेही कळलं. थोरलीला काही झालं तर हिला होईल. म्हणजे मला थोरलीला मारता येणार नाही, हलवता येणार नाही, दूर नेऊन सोडता येणार नाही. फक्त जपता येईल. आणि ती जे करील ते बघता येईल.

२८ मार्च, शुक्रवार

थोरलीने खाणं सोडलं. खायला सोडलेला रातकिडा तिच्या अंगावरून चालून गेला तरी हलली नाही. पोटावरचा केस झडलेला, टकलासारखा भाग काळपट, ताणलेला. पेटीच्या तळाला तिने पांढरी जाळी अंथरली आहे, गालिच्यासारखी.

हिचं ताट तसंच्या तसं. कोपरं आणि मान काळवंडली आहे, कातडी ताणून चकचकीत झाली आहे. घरातल्या सगळ्या चादरी हिने आतल्या खोलीत जमिनीवर पसरल्या, एकीवर एक, कडेपर्यंत. विचारलं तर म्हणाली, बरं वाटतं.

डॉक्टरांना घरी आणलं. त्यांनी डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या, नाडी पाहिली. अशक्तपणा आहे म्हणाले, जागा बदलली की होतं असं, आणि शक्तीच्या गोळ्या लिहून दिल्या. मी कोपराची कातडी दाखवली तर म्हणाले, क्रीम लावा.

मेहुणीकडे न्यायचं ठरवलं. पिशवी भरली. ही उंबऱ्यापर्यंत आली, पाय बाहेर टाकला, नुसती बोटं टेकवून जिन्याची पायरी चाचपली आणि मागे वळून चादरींवर जाऊन बसली. मी ओढलं असतं तर आली असती. ओढायचा धीर झाला नाही, मास्तरांचं खोकं डोळ्यांपुढून हलेना.

खाली येऊन मालकांना ढब सांगितली. खाणं बंद, कातडी काळी, अंथरूण घातलंय, जागा सोडत नाही. थोरलीची सांगतोय असंच दाखवलं. ते म्हणाले, आता जवळ आलं. पाणी ठेवा आणि दूर बसा. मी विचारलं, की कात नसेल, आजारच असेल तर? ते म्हणाले, दोन्हीची सुरुवात सारखीच दिसते प्रोफेसर, म्हणून तर लोक आपल्याकडे येतात. आणि मग आपणही वाटच बघतो.

३१ मार्च, सोमवार

थोरली उताणी आहे.

वर गेलो. ही उताणी आहे. चादरींच्या मधोमध, गुडघे दुमडून वर, कोपरं दुमडून वर, हात हवेत सुटलेले. डोळे उघडे, छताकडे. श्वास आहे. दोन श्वासांच्या मध्ये मला वाटतं की नाही, आणि मग असतो.

फोन उचलला. डॉक्टरांचा नंबर लावला, घंटा वाजू लागली आणि ठेवून दिला. डॉक्टर येतील आणि पहिली गोष्ट काय करतील? हिला उचलतील.

हात लावला आणि मी बरोबर असलो, तर मी हिला मारलं. हात लावला नाही आणि मी चुकलो, तर मी हिला मारलं. मी हे उलटसुलट करून पाहिलं, तिसरी वाट सापडली नाही. ज्याची बायको अशी पडली आहे तो नवरा उंबऱ्यात बसून लिहितो आहे. कुणी वाचलं तर काय म्हणेल? म्हणू दे. त्याने येऊन सांगावं, काय करू.

ऊन हिच्या हातावरून सरकून भिंतीवर गेलं. हात तसेच.

१ एप्रिल, मंगळवार

अजून तशीच.

सकाळी दारात पाण्याची ताटली होती. उथळ, खाली गोटे घातलेली, दुकानातल्या पेट्यांत ठेवतो तशी. फक्त मोठी.

मी मालकांना हिच्याबद्दल अवाक्षर बोललेलो नाही.

खाली जाऊन विचारलं. ते म्हणाले, लागतं त्यांना नंतर. आणि डोळ्यांत थेंब घालत राहिले.

२ एप्रिल, बुधवार

झालं. थोरली नवीकोरी, कोपऱ्यात. शेजारी तिची जुनी कात, आठ पायांची, अख्खी.

ही कोपऱ्यात बसली आहे, पाठ माझ्याकडे. जिवंत आहे! मी दारातच रडलो. हात लावला नाही, म्हणून ही जगली. मी बरोबर होतो.

मग चादरी पाहिल्या. त्यांवर काहीतरी पडलं होतं. कांद्याच्या पापुद्र्यासारखं, लांब, चुरगळलेलं. त्याला बोटं होती. मनगटापाशी भाजल्याचा डाग होता. लग्नानंतर पहिल्या वर्षी तव्याने भाजलं होतं हिला, तो. हिच्या मनगटावर आता काही नाही. पांढरं, ओलसर.

मला कुणाला वाचवायचं होतं? कोण वाचलं? तो पापुद्रा मी घडी करून उशीखाली ठेवला आहे. दुसरं काय करतात, माहीत नाही.

५ एप्रिल, शनिवार

बोलत नाही. हाक मारली तर वळत नाही. चप्पल काढून, टाचा उचलून आत गेलो तर मी आलोय हे तिला कळलंच नाही. चमचा हातातून पडला आणि ती सगळी वळली. चमच्याकडे नाही. जमिनीकडे, जिथून थरथर आली तिकडे.

आता तिला ‘ही’ लिहिताना हात अडतो. ‘ती’ लिहिलं. खोडत नाही.

खिडकी उघडी होती. जमिनीवर पारव्याची पिसं.

जिन्याचं दार लावून घेतलं. दाराच्या बाहेर झोपतो.

८ एप्रिल

दुकानात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, की कसला ठेका धरलाय हो, गाणंबिणं शिकता का? मी खाली पाहिलं. माझा उजवा हात काउंटरवर होता. बोटं आपटत होती. तीन जलद, थांबा, तीन जलद. हात खिशात घातला. खिशात चालूच.

बाई गेल्यावर मालकांना विचारलं, थोरलीचं पुढे काय. म्हणाले, कात टाकून अंग टणक झालं, पोटात चार घास गेले, की नर सोडायचा. नर आधी बाहेरूनच पायांनी जमीन वाजवतो. आतून तिने तसंच उत्तर दिलं तर आत जातो. मी विचारलं, नाही गेला तर? ते हसले. न जायला त्याच्याकडे काही नसतं, म्हणाले.

मग ती काय करते? दोन्ही पुढचे पाय वर उचलते, मागे रेलते, तोंड उघडते. मी विचारलं, आणि त्याचा अर्थ?

ते म्हणाले, तीच तर पंचाईत. मारायचं असलं तरी ढब तीच. आणि जवळ घ्यायचं असलं तरी तीच.

शुक्रवार

पिशवी घेऊन निघालो. गल्लीच्या टोकापर्यंत गेलो. मास्तर भेटले, कुठे निघालात म्हणाले. बोलता बोलता त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं आणि बोलणं अर्ध्यावर सोडून वळले.

परत आलो. ती माझी बायको आहे म्हणून आलो, असं लिहिणार होतो. लिहिता येत नाही. आलो, की आणला गेलो? पाय सांगा, अर्थ मागून. पाय परत आले.

बहुतेक रविवार

डाव्या हाताने लिहितोय, म्हणून अक्षर असं. उजवा दारावर आहे. मी नाही — तो वाजवतो. थांबवायला दुसऱ्या हाताने धरला, तर दोन्ही —

तिने उत्तर देऊ नये. एवढंच मागतो. नाहीतर द्यावं. कुठलं मागतोय मी?

भरदुपार आहे. खाली गिऱ्हाइकं हसताहेत. हाक मारली तर येतील. काय सांगू त्यांना —

दुपारीच

आतून वाजलं.

तीन जलद. थांबा. तीन जलद —

कडी मी काढली नाही. काढली असेल. दार उघडं आहे.

मालक जिन्याखाली येऊन उभे आहेत. वर बघताहेत, पण त्यांना दिसत नाही. प्रोफेसर, ढब सांगा, म्हणतात. नेहमीच्याच आवाजात.

सांगतो. गुडघे वाकलेले. पाठ मागे. दोन्ही हात डोक्याच्या वर — तळवे उघडे, माझ्याकडे. तोंड उघडं. डोळे — डोळ्यांत काही — नाही, डोळे नको, पाय सांगा — पाय एक पुढे —

लग्नाच्या वर्षी मी कामावरून यायचो तेव्हा दारात हात असेच —

सांगितलं मालक. सगळं सांगितलं. आता अर्थ

ते बोलत नाहीत. मालक, अर्थ सां